टाचदुखी : चिरा तळव्याला की पोटरीला?



सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवावे आणि टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यावी, चार पावले चालल्यावर ती जरा मावळावी, आणि दुपारी बांधावर भाकरी खाऊन उठताना पुन्हा तीच गत व्हावी, ही तक्रार आमच्या कानावर वर्षभर येत असते. मिस्सेनंतर देवळाच्या पायरीवर बसून टाच चोळणारी माणसे आम्ही दर रविवारी पाहतो. ह्या पानावर टाचेच्या भेगांविषयी मागे लिहिले होते, पण ह्या आतल्या दुखण्याविषयी लिहायचे राहून गेले. ते आज लिहितो, आणि त्याला कारण आहे आमच्याच धर्मग्रामातील एका मावशींनी आम्हांला विचारलेला प्रश्न.

मावशींचे वय पन्नाशीच्या पुढे. दोन एकर कोरडवाहू, एक गाय, काही शेळ्या. उजवी टाच चौदा महिने दुखत होती. मुलगा हैदराबादेत नारायणगुड्याला एका दुकानात हिशेब लिहितो, तिथेच खोली घेऊन राहतो. त्याने आईला दाखवण्यासाठी बोलावून घेतले. मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो, आणि मोठे दुखणे म्हटले की काचीगुड्याची गाडी धरायची ही जुन्या पिढीची सवय अजून मोडलेली नाही. नारायणगुड्यात तर न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये निघालेली शाळा आहे. मराठी नाव असे भिंतीवर दिसले की मावशींसारख्यांना जरा धीर येतो.

धीर आला, पण निकाल लागला नाही. एका दवाखान्यात क्ष-किरण फोटो काढला, टाचेच्या हाडाला खालून फुटलेला काटा दाखवला आणि सांगितले, "हाड वाढले आहे. तळव्याला चिरा देऊन काटा काढू, पट्टाही सोडवू. पुढच्या आठवड्यात या." दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी फोटोकडे फारसे पाहिलेच नाही. त्यांनी मावशींना पालथे झोपवून पाय वरखाली केला आणि म्हणाले, "ऑपरेशन करायचेच झाले तर पोटरीचे करू, गुडघ्याच्या मागे." मावशी गोंधळल्या. त्याच आठवड्यात काही कामानिमित्त आम्ही हैदराबादेत होतो, म्हणून त्यांच्या खोलीवर गेलो. शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या राहून त्यांनी आमच्यासाठी चहा केला आणि विचारले, "फादर, दुखतंय टाचंत आन् कापायचं पोटरीला, ह्यो कुठला न्याय? अन् गाय इकायची तर कोणत्या डाक्टरसाठी इकायची?"

प्रश्न रास्त होता. आम्ही डॉक्टर नाही. पण जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते इथे मांडतो.

आपल्या तळव्यात टाचेच्या हाडापासून पाच बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा पसरलेला असतो. पायाची जी कमान आहे तिला हा पट्टा खालून बांधून ठेवतो, धनुष्याला दोरी बांधते तसा. पाऊल उचलताना बोटे वर वळली की हा पट्टा ताणला जातो आणि कमान उंचावते. इंग्लंडमधील हिक्स नावाच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये ही गोष्ट नीट उलगडून दाखवली. विहिरीवरचा रहाट जसा दोर गुंडाळून घेतो, तशी बोटांची मुळे हा पट्टा गुंडाळतात. दिवसभरात हजारो वेळा हा ताण पडतो तो पट्ट्याच्या टाचेकडील मुळाशी. तिथे तो झिजतो, जाड होतो, त्याचे धागे विसविशीत होतात. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, त्यामुळे सकाळचे पहिले पाऊल सर्वांत जास्त दुखते.

मग तो काटा कशाचा? वाचकहो, ह्या काट्याने जितकी भीती घातली आहे तितकी दुसऱ्या कशाने घातली नसेल. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या फोटोतही हा काटा सापडतो, आणि टाच भयंकर दुखणाऱ्या कित्येकांच्या फोटोत सापडत नाही. शिवाय तो खाली टोचत नसतो, पुढे बोटांच्या दिशेने वाढलेला असतो. तेव्हा केवळ काटा दिसला म्हणून हाड तासायला पाय पुढे करू नये. "हाड वाढलंय" ह्या दोन शब्दांवर शेळ्या विकलेली माणसे आम्हांला ठाऊक आहेत.

आता पोटरीचे पाहू. मांडवाच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तणावे बांधतात. एका बाजूचा तणावा आखडला, तर दुसऱ्या बाजूच्या तणाव्यावर ओढ येते आणि त्याची खुंटी उपटू लागते. टाचेचे हाड हा तो खांब समजा. मागून वर ओढणारी पोटरीची जाड शीर हा एक तणावा, पुढे जाणारा तळव्याचा पट्टा हा दुसरा. पोटरी आखडलेली असली की प्रत्येक पावलाला तळव्याच्या पट्ट्यावर जादा ओढ बसते. मग उपाय दोन उरतात. दुखणारा तणावा अर्धवट सोडवायचा, किंवा ज्याच्या आखडण्याने हे झाले तो मागचा तणावा सैल करायचा. एका डॉक्टरांनी पहिला सांगितला, दुसऱ्यांनी दुसरा. दोघेही वेडे नव्हते.

मावशींना हे पटले, पण त्यांनी लगेच पेच टाकला. "फादर, म्या तर दिवसभर उकिडवी बसून निंदते. माझी पोटरी आखडंल कशी?" आम्हांलाही उत्तर ठाऊक नव्हते. ते आम्ही त्या दुसऱ्या डॉक्टरांकडून घेतले, आणि ते शेतकऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा, जो गोळा बाहेरून दिसतो, तो गुडघ्याच्याही वर मांडीच्या हाडापासून निघतो. खालचा गुडघ्याखालून निघतो. उकिडवे बसताना गुडघा वाकलेला असतो, म्हणून वरचा स्नायू ढिलाच राहतो आणि ताण पडतो तो फक्त खालच्याला. जन्मभर उकिडवे बसणाऱ्याचाही वरचा स्नायू आखडलेला असू शकतो. म्हणून डॉक्टर आधी गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे वर ढकलून पाहतात, मग गुडघा वाकवून तेच करतात. गुडघा सरळ असताना पाऊल अडले आणि वाकवल्यावर मोकळे झाले, तर दोष वरच्या स्नायूचा. सिल्फव्हर्स्किओल्ड ह्या स्वीडिश हाडवैद्याच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते. तिला पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात. पहिल्या दवाखान्यात ती कोणी केलीच नव्हती.

पट्टा सोडवण्याची शस्त्रक्रिया जुनी आहे. टाचेच्या आतल्या बाजूला चिरा देऊन पट्ट्याचा आतला भाग कापतात. पूर्वी काही ठिकाणी पट्टा पुरा तोडत. त्याचे परिणाम चांगले झाले नाहीत. धनुष्याची दोरी तुटली की कमान बसते, मग पावलाच्या बाहेरच्या कडेला नवे दुखणे सुरू होते. टाचेचे दुखणे जाऊन पावलाच्या कडेचे आलेले एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत, ते आजही काठी घेऊन चालतात. म्हणून आता जाणकार शल्यवैद्य अर्ध्यापेक्षा जास्त पट्टा कापत नाहीत. १९९१ मध्ये अमेरिकेतील बॅरेट आणि डे ह्यांनी दुर्बीण घालून अगदी लहान छिद्रांतून हेच करण्याची रीत वर्णन केली. छिद्र लहान म्हणजे जखम लहान, पण आत कापायचे ते तेच आणि तितकेच. टाचेजवळून जाणाऱ्या बारीक नसांना धक्का लागून बधिरपणा येण्याची भीती दोन्ही रीतींत असते.

पोटरीच्या शस्त्रक्रियेत गुडघ्याच्या मागे, आतल्या बाजूला लहानसा चिरा देऊन वरच्या स्नायूच्या आतल्या फाट्याचे पांढरे आवरण कापतात. स्नायू तोडत नाहीत, तो लांबायला जागा मिळते इतकेच. पुष्कळदा त्याच जागेपुरती भूल देऊन हे करता येते आणि माणूस लवकर चालू लागतो. पण इथेही रक्त साकळणे, नसेला इजा, काही काळ पोटरीत अशक्तपणा हे धोके आहेतच. पोते पाठीवर घेऊन चढ चढणाऱ्याने हे विचारात घ्यावे.

दोहोंत चांगली कोणती? स्पेनमधील माँतेआगुदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६० रुग्णांचा हिशेब छापला. ३० जणांचा पट्टा अंशतः सोडवला होता, ३० जणांची पोटरी सैल केली होती. पट्टावाल्यांत समाधानी निघाले ६० टक्के, कामावर परतायला त्यांना सरासरी १० आठवडे लागले. पोटरीवाल्यांत समाधानी निघाले ९५ टक्के, आणि ते सरासरी ३ आठवड्यांत कामावर गेले. हे आकडे वाचून आम्ही तर मनातल्या मनात मावशींच्या पोटरीला हळद लावून मोकळे झालो होतो.

पण थांबा. तुमच्या वावरात एका तुकड्याला एक खत टाकले, दुसऱ्याला दुसरे, आणि पहिल्याचे पीक चांगले आले, तर खत चांगले की तुकडा चांगला? पहिला तुकडा ओढ्याकाठचा असेल. खरी तुलना हवी असेल तर कोणत्या तुकड्याला कोणते खत हे चिठ्ठी टाकून ठरवावे लागते. ही युक्ती रोनाल्ड फिशर ह्यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रात पक्की केली. पुढे १९४८ मध्ये क्षयाच्या स्ट्रेप्टोमायसिनची अशीच चिठ्ठ्या टाकून घेतलेली चाचणी छापून आली आणि वैद्यकातही ती रीत रुजली. डॉक्टरांनी ही गोष्ट शेताकडून घेतली, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते. २०१३ च्या त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, झाल्या शस्त्रक्रियांचा मागे वळून हिशेब केला होता. स्पेनमध्येच पुढे चिठ्ठ्या टाकून दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना केली गेली आणि ती २०२० मध्ये छापली. तिच्यात ३६ रुग्ण होते. दोन्ही गटांना चांगलाच आराम पडला, आणि दोहोंत म्हणावा असा फरक दिसला नाही.

आकड्यांवर भाळण्याविषयी हैदराबादचीच एक जुनी कथा आहे. नारायणगुड्याहून कोठीची रेसिडेन्सी फार दूर नाही. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी ह्यांच्या पुढाकाराने आणि निझामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या भुलेविषयी दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकाने लॉडर ब्रंटन ह्या नामांकित डॉक्टरांना पाठवले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, म्हणून भूल देताना श्वासाकडे लक्ष ठेवले की पुरे. १९११ मध्ये गुडमन लेव्ही ह्यांनी दाखवून दिले की हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्म हृदय एकाएकी बंद पाडू शकतो. पैसा, कष्ट, मोठी नावे सगळे होते, तरी उत्तर चुकले.

शस्त्रक्रिया मुळात करावी का, ह्यावरही चिठ्ठ्या टाकून चाचण्या झाल्या आहेत. नॉर्वेत ४० जणांच्या चाचणीत (२०१८) पोटरी सैल करून शिवाय ताण देणाऱ्यांना नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा वर्षभरात अधिक आराम पडला. डेन्मार्कमध्ये ३० जणांच्या चाचणीत (२०२०) दुर्बिणीतून पट्टा सोडवलेले लोक व्यायाम आणि इंजेक्शनवाल्यांपेक्षा पुढे निघाले. माणसे थोडी, पण शस्त्रक्रिया म्हणजे निव्वळ लूट असेही म्हणता येत नाही, हे आमच्या काही मित्रांनी लक्षात घ्यावे.

तरी एक गोष्ट ह्या सगळ्यांहून मोठी आहे. दहांतील आठ-नऊ जणांची टाचदुखी सहा महिने ते वर्षभरात शस्त्रक्रियेवाचून बरी होते. म्हणूनच गावात टाचेचे इतके वैद्य आहेत. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकवताना आमचे गुरुजी बजावत, "नंतर झाले म्हणजे त्यामुळेच झाले असे नव्हे." कोणी रुईचे पान ठेवून तापल्या विटेवर उभे राहते, कोणी तेल चोळते, आणि बरे होण्याची वेळ आलेली टाच बरी होते. नाव विटेचे होते. विटेने बरे वाटत असेल तर आमची हरकत नाही, पण मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी ती मुळीच करू नये, भाजलेले कळत नाही. बिब्बा मात्र कोणीच लावू नये. त्याने कातडी पोळते, फोड येतात, आणि जखमेला शेतातली माती लागली की नसते दुखणे ओढवते.

ताण नीट द्यायचा म्हणजे कसा, हे चौदा महिन्यांत मावशींना कोणी दाखवलेच नव्हते. गोळ्या दिल्या, दोन वेळा टाचेत इंजेक्शन दिले. इंजेक्शनाने काही आठवडे बरे वाटते, पण ते वारंवार घेतले तर पट्टा फाटण्याची आणि टाचेखालची मऊ गादी झिजण्याची भीती असते. ताण असा द्यावा : अंथरुणातच, पहिले पाऊल टाकण्यापूर्वी, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, हाताने बोटे नडगीकडे ओढावीत, तळव्यातला पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. दहा आकडे मोजेपर्यंत धरावे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुकावे. गुडघा वाकला की फुकट, कारण वर सांगितलेच आहे. घरात फरशीवरही मऊ तळाची चप्पल वापरावी. आपल्या बायका चुलीपुढे अनवाणीच उभ्या राहतात, आणि दुखणे त्यांनाच जास्त होते. हे किमान तीन महिने नेमाने केले पाहिजे. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडणारे पुष्कळ.

सगळीच टाचदुखी ह्या पट्ट्याची नसते. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, सूज, टाच दोन्ही बाजूंनी दाबली असता जीव जाणे (हाडाला बारीक तडा असू शकतो), आग आणि मुंग्या (नस दबलेली असू शकते), किंवा तरुण मुलाच्या दोन्ही टाचा आणि सकाळी कंबर आखडणे, ह्यांपैकी काही असेल तर व्यायाम करीत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

मावशींना आम्ही सांगितले ते इतकेच की पुढच्या आठवड्याची तारीख घेऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले, ह्याचे आम्हांला बरे वाटले. मुलाला थोडा राग आला. नारायणगुड्याच्या मेट्रोच्या जिन्यावर आई रडकुंडीला आलेली त्याने पाहिली होती, आणि फादरांना काय जाते व्यायाम करा म्हणायला, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्याचे चुकले असे आम्ही म्हणत नाही.

चार महिने मावशींनी नेमाने ताण दिला. दुखणे निम्म्यावर आले आणि तिथेच अडून बसले. कापसाची वेचणी त्यांनी कशीबशी काढली. मग पुन्हा विचार झाला. गुडघा सरळ ठेवला की पाऊल अजून अडतच होते. तेव्हा पोटरीची शस्त्रक्रिया ठरली. कारण ती श्रेष्ठ ठरली आहे असे नव्हे, ते तर सिद्ध झालेले नाही. मावशींच्या पायात दोष पोटरीचा सापडला होता, तळव्याची कमान शाबूत राहणार होती, आणि चिरा गुडघ्यामागे असल्याने काळ्या मातीच्या चिखलापासून दूर होता. पोटरी मऊ आणि कमान आधीच नीट असलेल्या दुसऱ्या एखाद्याला डॉक्टर पट्टा अर्धा सोडवायला सांगतील, आणि तेही बरोबर असेल. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाने तीन गोष्टी विचारून घेतल्या : पट्टा कापणार का आणि किती, काम किती दिवस बंद, आणि सगळा खर्च कागदावर लिहून मिळेल का. तिन्हींची उत्तरे मिळाली.

आता दोन महिने झाले आहेत. सकाळचा खिळा गेला आहे. विहिरीचा चढ चढताना पोटरी भरून येते, तिला अजून काही महिने लागतील असे डॉक्टर म्हणाले. डावी टाच मधूनच कुरकुरते, तिलाही ताण चालू आहे. गाय गोठ्यातच आहे, दोन शेळ्या मात्र गेल्या. मृगाला तिफणीमागे उभे राहायचे, असा मावशींचा हिशेब आहे. आम्ही त्यांना चप्पल घालून उभ्या राहा म्हटले, तर म्हणाल्या, "पेरणीला चप्पल घालून कुणी जातं व्हय, फादर?"